आजीचं बोट हळू चालतं

बल्लारपूर, २० मार्च २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

होळीला तुझ्या नातीने, दिव्यानीने, कॉलेजच्या मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी मोबाइलवर आपली सगळ्यांची परीक्षा घेतली. ठिपका हिरवा झाला की दाबायचं, लाल झाला तर नाही. तुझं बोट सगळ्यांत शेवटी उठलं. तेव्हा हसलो, पण आता काळजी वाटते. आई, तुझी बुद्धी मंदावली आहे. धानाचं शेत गावातल्या मुखरूला बटईने, अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, कसायला द्यायचं ठरवलंय. पाडव्याला तो विडा घेऊन येईल, तेवढा घे म्हणजे व्यवहार पक्का. मग इथेच राहायला ये.

नातवंडांसह तुझा,
प्रफुल

पोंभुर्णा, १ एप्रिल

चि. प्रफुल यास,
अ. उ. आ.

फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहिते.

बोट हळू चालतं, मान्य. या वयात हरणासारख्या उड्या मारू काय? पण मी रंग पाहून दाबत होते आणि माझं एकदाही चुकलं नाही. दिव्यानीने लालवरही दाबलं, तरी तुम्ही टाळ्या पिटल्या. तूही पोरीच्या मागेच होतास. तुझ्याच न्यायाने घराच्या किल्ल्या तिला देऊन टाक.

मुखरूने विडा समोर ठेवला. मी विचार करत गप्प बसले, तर त्याने होकार समजून चपला घातल्या. त्याला परत बोलावलं, चहा पाजला आणि विडा त्याच्या हातात परत दिला. शेत माझ्या नावावर आहे, यंदाही मीच करणार. राग आला तर येऊ दे.

जिवाला जप.
तुझी आई रुखमाबाई

बल्लारपूर, ८ एप्रिल

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

कॉलेजच्या मॅडमनी त्या परीक्षेवरून माझी चांगलीच कानउघाडणी केली. चपळ हाताचं बुद्धीशी नातं आहे, पण लांबचं. वयाबरोबर हात सगळ्यांचेच मंदावतात, म्हणून म्हाताऱ्या माणसाला म्हाताऱ्यांशीच ताडून पाहायचं, नातीशी नाही. आणि चुका मोजायच्या, ते तर मी विसरलेच होते. त्या मोजल्या तर घरात सगळ्यांत वाईट निकाल माझा आहे.

बाबांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. मग दिवसभर एकच घोकत होते, की आईले न इचारता मी मुखरूले हो काऊन म्हटलं. मी त्यांना सांगितलं, तुमचा ठिपका अजून लाल होता.

रोवणीला मी येते. चिखलात हळू चालले तर हसू नको, आणि माया आहे तशी राहू दे.

तुझी दिव्यानी