फटफटीबाबत काही शंका

चाकण,
भाद्रपद शुद्ध षष्ठी, शके १८७८

प्रिय उद्धव,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र गणपतीच्या आधीच पोचलं होतं. उत्तराला उशीर झाला, कारण जे लिहायचं आहे ते वाचून तू हसशील, आणि मला सध्या हसू येत नाही. तरी सांगूनच टाकतो. मी फटफटी घेतली. होय, तुझ्या आबाजी मास्तरांनीच, ज्यांना तू शाळेत असताना सायकलसकट ओढ्यात पडलेलं पाहिलं आहेस. देहूरोडच्या छावणीतल्या एका साहेबाच्या मुलांना मी मराठी शिकवायला जात असे. त्याची आसामला बदली झाली आणि गाडी त्याला न्यायची नव्हती. वापरलेली आहे, आणि साधीसुधी नाही, शर्यतीची आहे. हँडल इतकं खाली की देवापुढं वाकावं तसं वाकून बसायचं. टाकीवरची विलायती अक्षरं निम्मी खरवडून गेलेली. सुभद्रा दारात उभी राहून म्हणाली, "लोक साठीत काशीला जातात, आमच्याकडं घोडं आलं!" मग तिनं चाकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि आत जाऊन रडली. का रडली ते पुढं वाचलंस की कळेल. फौजेत तू फटफटीवरून निरोप पोचवायचास आणि आता साताऱ्याला एस.टी.च्या डेपोत यंत्रांचंच काम करतोस, म्हणून माझ्या सगळ्या शंका तुझ्याच माथी मारतो आहे.

आमच्या धाकट्या छबूला नववा लागला. पितृपंधरवड्यात कधीही होईल असं म्हणतात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. म्हणून मी श्रावणातच तिला आणायला गेलो. विहीणबाई, गवराबाई, ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. पाणी दिलं, गूळ दिला, आणि मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, राग मानू नका. पन तुमच्या उंबऱ्याला बाळातपन लाभत न्हाई. पोरगी आमी न्हाई धाडनार." मी गुळाचा खडा हातात धरून बसलो. थोरल्या लेकीच्या बाळंतपणाची रात्र तू पाहिली आहेस. तू सुट्टीवर आला होतास. पुण्याच्या दवाखान्यात न्यायला म्हणून आपण बैलगाडी जुंपली, आणि मोशीच्या अलीकडं चिखलात रुतलेलं चाक तूच खांदा लावून उचललंस. छबू तेव्हा परकरात होती, घरी शेजारणीपाशी निजली होती. इंद्रायणीच्या पुलापर्यंत पोचलो आणि मग गाडी घाईनं पुढं न्यायचं काही कारणच उरलं नाही. त्यावर तू आणि मी परत कधी बोललो नाही. गवराबाई वाईट नाहीत, उद्धव. त्या भ्यायल्या आहेत, तेवढंच. भ्यालो तर मीही आहे.

तेव्हा छबू सासरीच, इथून चार कोसांवर, भामा नदीच्या अलीकडं. रस्ता मुरमाचा, मधेमधे चिखलाचा. गावची सुईण इतकी म्हातारी की तिलाच धरून आणावं लागतं. इथल्या दवाखान्यात सावित्रीबाई म्हणून नर्स आहेत, रत्नागिरीकडच्या, हाताला फार गुण. पण आसपासची सगळी गावं त्यांच्या एकटीच्या गळ्यात. एकीसाठी आधीपासून जाऊन बसणं त्यांना शक्य नाही. बैलगाडीनं जायचं तर या दिवसांत निम्मी रात्र वाटेतच जाते. छबूच्या सासरी तट्टू आहे, पण सावित्रीबाई एकदा पेटीसकट त्याच्यावरून पडल्या आहेत, आता त्याच्याकडं बघायलाही तयार नाहीत. जावई दादू पिंपरीला पेनिसिलिनच्या कारखान्यात लागला आहे, तिकडंच खोली घेऊन राहतो, रविवारचा गावी येतो. त्याचं तर सायकलशीही जमत नाही. मग माझ्या मनात आलं, पोरीला नर्सकडं आणता येत नसेल तर नर्सला पोरीकडं नेता येईल. तट्टावरून निरोप यायचा, मी फटफटी काढायची, सावित्रीबाईंना मागं बसवायचं. दादूला हे सांगितलं तेव्हा त्यानं माझे पाय धरले. छबूनं निरोप धाडला, "आबा येणार असतील तर मला भ्या न्हाई." सासरची बोली लागली तिला. पण एवढ्या एका वाक्यानं माझी झोप उडाली आहे.

आता शंका. पहिली किकची. दहादा मारल्यावर अकराव्यांदा ती उलटा हिसका देते आणि नडगी सोलवटून निघते. साहेब म्हणाला होता की गार असताना पेट्रोल थोडं सांडू द्यायचं, पण किती? आणि पावसात भिजली तर प्लग काढून चुलीवर गरम करायचा हे खरं का? पेट्रोल इथं मिळत नाही, डबा भरून आणून ठेवावा लागतो. सध्या तो मधल्या खोलीत आहे, उद्यापासून तिथंच गौरी बसतील आणि दोन समया तेवतील. सुभद्रा म्हणते डबा बाहेर ठेवा, बाहेर ठेवला तर कोणी नेईल. समईपासून तो किती हात लांब असावा, हे कृपा करून आधी कळव. धोतराचा सोगा साखळीत जाऊ नये म्हणून मी सायकलच्या चापानं बांधतो. टोपी मात्र बाजारापर्यंतसुद्धा टिकत नाही, कांद्याच्या गाड्यांवरची माणसं ती उचलून हसत परत देतात. "मास्तर, टोपी मागं ऱ्हायली, तुमी म्होरं!"

दुसरी शंका आवाजाची. तू हसू नकोस. सपाटीवर ती अगदी भुजंगप्रयातात चालते, लगागा लगागा लगागा लगागा, काय डौल असतो! असं वाटतं, समोर वर्ग बसला आहे आणि पोरं एका सुरात म्हणताहेत. तुला आठवतं ना, तुला कविता कधी पाठ झाली नाही, पण सगळा वर्ग म्हणत असताना बाकावर बोटांनी ताल धरायचास तो कधी चुकला नाही. मी तुला मारत नसे ते त्या बोटांमुळं. तर सांगायचं ते असं, की चढाला लागली की ही बया मधलाच एक गण खाते. लगागा लगागा, आणि पुढं नुसती पोकळी, मग धाडकन आवाज. त्या पोकळीत माझ्या काळजाचाही ठोका चुकतो. ही पेट्रोलची खोड की प्लगची? रस्त्यात तो चढ आहे, आणि मागं सावित्रीबाई असणार.

तिसरी गोष्ट घडून गेली, पण त्यातली धास्ती अजून उतरत नाही. गाडी ठेवतो शेजारच्या सोनबाच्या गोठ्यात. परवाच्या पोळ्याला त्यानं बैलांना आंघोळ घातली, शिंगं रंगवली आणि प्रेमानं माझ्या गाडीलाही झूल घातली. तिथवर ठीक. पण गडी एवढ्यावर थांबला नाही, बैलगाडीच्या आसाला घालतात तसं वंगण त्यानं दोन्ही चाकांत भरलं, हात जाईल तिथवर. "वर्साचा सन हाय मास्तर, चाक कोरडं ठिवू नये." आणि दुसऱ्याच दिवशी सावित्रीबाई परीक्षा घ्यायला आल्या. त्यांची एकच अट होती. "मास्तर, गाडी तुम्हाला चालवता येते की नाही ते देव जाणो, मला ती थांबवता येते का ते दाखवा." त्या वडाखाली उभ्या राहिल्या, मी लांबून ऐटीत आलो, ब्रेक दाबला, आणि लोण्यावरून सुरी जावी तसा त्यांच्यासमोरून सोनबाच्या बाजरीत गेलो. कणसांमधून उठलो तर बाई चष्मा पुसत होत्या. "बाळंतिणीचं घर मागे राहिलं," म्हणाल्या. तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा डोळ्यांपुढं तो वड नव्हता, इंद्रायणीचा पूल होता. मग भोसरीहून ज्योतीराम लोहाराला बोलावलं. त्यानं चाकं उघडून सगळं पेट्रोलनं धुतलं, वर राख चोळली. आता धरतो ब्रेक. पण तो असाच धरत राहील का, हे तू कळव. सावित्रीबाई पुन्हा आल्या, त्यांच्या पावलापाशी मी गाडी उभी केली, आणि त्या पदर खोचून मागं बसल्या. त्यांच्यासाठी ज्योतीरामनं गादी बसवली आहे आणि पदर अडकू नये म्हणून चाकावर जाळी ठोकली आहे. वळणावर मागच्यानं कलायचं की ताठ बसायचं? त्या उलट्या बाजूला कलतात आणि पुटपुटत राहतात. देवाचं नाव घेतात की माझं, कळत नाही.

आणि शेवटची शंका बत्तीची. शर्यतीत वजन नको म्हणून साहेबानं पुढची बत्ती काढून टाकली होती, नंतर ती सापडलीच नाही. घेताना माझ्या लक्षात आलं नाही, कारण घेतली दुपारी. परवान्याची फेरीही पुण्याला दिवसाउजेडी झाली. रोजचा सरावही मी सकाळचाच करत आलो, गार वेळ बरी म्हणून. असं मी सुभद्राला सांगत आलो आणि स्वतःलाही. ज्योतीरामनं भंगारातल्या एका लॉरीची बत्ती आणून बसवली. काल दिवस मावळताना दोघं गाडी घेऊन भामेच्या रस्त्याला निघालो, मी पुढं, तो मागं. थोडं गेल्यावर मला वाटलं बत्ती विझली. गाडी थांबवली. म्हटलं, ज्योतीराम, तुझी बत्ती काही कामाची नाही. तो खाली उतरला, पुढं गेला, आणि तिथून ओरडला, "न्हाई ओ मास्तर, झ्याक पडलीया! मैलाचा दगड वाचता येतोय की! ह्यो बघा!" उद्धव, मला दगड दिसला नाही. दगडाजवळ उभा असलेला ज्योतीरामही दिसला नाही. नुसता आवाज होता, आणि सगळीकडं एक राखाडी पडदा. मग त्या पडद्यातून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, अगदी जवळून. चाऱ्याची गाडी होती, माझ्या गुडघ्याला घासून गेली. गाडीवान शिव्या देत गेला, त्याचंही तोंड मला दिसलं नाही. ज्योतीराम परत आला, माझ्या तोंडाकडं बघत असावा. मग म्हणाला, "मास्तर, माझा सदरा धरा." तो गाडी ढकलत पुढं आणि मी त्याच्या सदऱ्याचं टोक धरून मागं, असे आम्ही घरी आलो. त्याच्या पायात व्यंग आहे, किक मारता येत नाही, नाहीतर त्यालाच म्हटलं असतं.

म्हणून आता खरं ते लिहितो. वरच्या सगळ्या शंकांची उत्तरं तू धाडलीस तरी रात्री ही गाडी मी चालवू शकणार नाही. घरात कुणाला हे ठाऊक नाही. छबू तिकडं निर्धास्त आहे, आणि पोरं काही दिवसाउजेड बघून जन्माला येत नाहीत. तू ब्रह्मदेशात बत्ती न लावता रात्ररात्र गाडी चालवलीस. परत आलास तेव्हा म्हणालास, "मास्तर, दिवस मावळल्यावर मी हँडल धरणार नाही," आणि डेपोतही दिवसपाळीच मागून घेतलीस. तिकडं काय झालं ते मी विचारलं नाही, आजही विचारत नाही. मी काय मागतो आहे ते मला कळतं. शिकवल्याच्या नात्यानं मागत नाही. एवढं मोठं मागावं असं मी तुला काही शिकवलंही नाही. नाही म्हणालास तर या घरात तुला कुणी दोष देणार नाही. मी बैलगाडी जुंपून ठेवीन, आणि बैलांना जेवढं पळवता येईल तेवढं पळवीन. पण येणार असशील तर पौर्णिमेच्या आत ये. रोज थोडं थोडं चांदणं वाढतं आहे. मी मागं बसेन, तू चालव. तो रस्ता एकदा चांदण्यात बघून ठेव. पुढचा पंधरवडा अंधाराचा आहे.

तुझाच,
आबाजी मास्तर