पल्लवीचे डायटम

इंझोरी, गुरुवार, दिवेलागण

पल्लवीचा फोन आला तो रडतच. लेक गोव्याच्या प्रयोगशाळेत समुद्रातले डायटम वाढवते. डोळ्यांना न दिसणारे, काचेच्या डबीत राहणारे जीव. एकाचे दोन होताना एकाला झाकण मिळतं, दुसऱ्याला बूड. उरलेला अर्धा भाग ज्यानं त्यानं आतून बांधायचा. म्हणून डबी पिढीगणिक लहानच होत जाते. तिचे तर इतके बारीक झाले होते, की आता मरतात की काय, हाच तिला घोर.

"बाबा, मोठे झाले!" म्हणाली. दोन बारक्यांचं मीलन झालं, जुन्या डब्या गळाल्या, अन् नवा जीव फुगून पूर्वीएवढा झाला. एवढीशी गोष्ट. माझे डोळे का भरले?

स्पीकरवर सगळं ऐकत बसलेल्या तिच्या आईनं फोन ओढून घेतला. "डबी गेल्यावर उघडेच राह्यतात का व ते?"

"हो आई, नवी होईपर्यंत."

"मंग तोवर त्याइले हालवू नको, माय."

"नाही हालवत."

मग फोन ठेवावासा कोणालाच वाटेना.