पोचा पडलेला गडवा

बाबा, तुमच्यावरून मी चित्रांत एक गडवा काढला होता, हे तुम्हाला माहीत होतं. तो लोकांना एवढा का आवडायचा, ते मात्र मी तुम्हाला कधी बसून सांगितलं नाही. सांगायला लागले असते तर तुम्ही म्हणाला असता, "लोकाईले कामधंदे नसतीन," आणि समोरच्या पातेल्यावर नाव टाकायला लागला असता. आता मध्येच बोलणारं कुणी नाही, म्हणून लिहिते आहे.

समुद्रपूरचं आपलं भांड्यांचं दुकान, लग्नसराईचे दिवस. मी वर्ध्याहून सुट्टीत एसटीने आलेली, शाळेतल्या नोकरीला तेव्हा चारपाच वर्षं झालेली. तुम्ही चष्मा नाकावर ओढून भांड्यांवर नावं कोरता आहात, मशीन टर्र टर्र करतं आहे. एक बाई पिशवीतून स्टीलचा डबा काढते. डब्यावर तिला आहेर देणाऱ्याचं नाव आणि खाली 'सप्रेम भेट'. ते नाव पुसून तिथे तिचं टाकून हवं आहे, कारण हाच डबा तिला उद्या दुसऱ्या लग्नात द्यायचा आहे. तुम्ही डबा हातात फिरवून बघता. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. "नाव खोडता येत नाई बाई. पाहुणा बदला." दुकानातले सगळे हसतात, शेवटी ती बाईही हसते. "काकाजी, तुमच्या तोंडाले काई औषध नाई," म्हणते आणि नवा डबा घेऊन जाते. आंजीहून, गिरडहून लोक वाटेतली दोन दुकानं सोडून आपल्याकडे यायचे ते भांड्यांसाठी नव्हेच. तुमच्याकडून दोन शब्द ऐकल्याशिवाय त्यांना लग्न ठरल्यासारखंच वाटत नसे.

मी मात्र कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर वाढले होते. तिथे सिस्टर वहीच्या पानापानावर 'व्हेरी गुड' लिहायच्या, चित्राखाली सोनेरी चांदणी चिकटवायच्या. सुट्टीत ती चांदणी मी तुम्हाला दाखवायची, आणि तुम्ही विचारायचात, "हे सिस्टरनं काढलं काय? चांगलं जमलं तिले." मी रुसायची. आई म्हणायची, "त्याईचं कौतुक असंच असते, उलटं धरून वाच." बरीच वर्षं मी उलटं धरून वाचलं. मग पुढे त्याच शाळेत चित्रकला शिकवायला लागले आणि एका हिवाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये माझ्या चित्रांचं प्रदर्शन लावलं. तुम्ही दुकान बंद ठेवून आलात. इस्त्रीचं पांढरं धोतर, हातात टोपी. प्रत्येक चित्रासमोर थांबत पूर्ण फेरी मारलीत. मी, तुमचे जावई, मुख्याध्यापिका सिस्टर, सगळे तुमच्या तोंडाकडे बघत होतो. तुम्ही म्हणालात, "भिंती चांगल्या आहेत."

किती हसले सगळे. सिस्टरनासुद्धा हसू आवरेना. मीही हसले. संध्याकाळी चित्रं उतरवली, गुंडाळली आणि कपाटावर ठेवून दिली. त्यानंतर दहा-अकरा वर्षं मी मुलांच्या वह्यांपलीकडे काही काढलं नाही. ते वाक्य उलटं धरूनही मला वाचता आलं नव्हतं, बाबा.

पुन्हा हातात पेन आलं ते तुमच्या नातीमुळे. ती नागपूरला इंजिनिअरिंगला होती, घरी आली की कॉम्प्युटरवर इंग्रजी वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवरच्या चित्रकथा, वाचत बसायची. मीही मागे उभी राहून वाचायला लागले. बहुतेक गोष्टींत एक पात्र असायचंच. बाकीचे धावताहेत, रडताहेत, प्रेमात पडताहेत, आणि हे एका जागी बसून थंडपणे एकच वाक्य बोलणार. लेक म्हणाली, "आई, हे तर आबा आहेत." त्याच आठवड्यात मी तुमच्या दुकानातला तो पोचा पडलेला पितळी गडवा काढला, पाण्याचा तांब्या, वरच्या फळीवरचा, कधीच न विकला गेलेला. त्याला तोंड दिलं नाही. दोन ठिपके डोळे आणि गालावर पोचा. तोंड दिलं की तो हसणार किंवा चिडणार, आणि मग मजा गेली. टोमणा चेहरा न हलवता मारला तरच बसतो, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. खाली नवी भांडी बडबडायची, गडवा वरून उत्तर द्यायचा. उत्तरं सगळी तुमची. लेकीने ती चित्रं ब्लॉगवर टाकली. पुण्याहून, अमेरिकेतून लोक लिहायला लागले, हा आमचा काका, हा आमचा सासरा. मला कळेना, एवढी माणसं टोमणे खाऊन मोठी झाली आणि त्यांना त्याचीच आठवण येते!

सगळ्यांना सर्वांत आवडलेल्या चित्रात एक नवा चमचा स्वतःला घासूनपुसून फळीवर उभा राहतो आणि विचारतो, "कसा दिसतो मी?" गडवा म्हणतो, "फळी चांगली आहे."

दिवाळीत मी चाळीसेक पानं छापून समुद्रपूरला आणली. तुम्ही ओट्यावर उन्हात बसून वाचायला घेतलीत. दुसऱ्याच पानावर ओरडलात, "अवो, इकडे ये, पोरीनं मले फळीवर बसवलं!" आईला एकेक मोठ्याने वाचून दाखवत होतात, त्या गडव्याचाच आवाज काढून. तुम्हाला इतकं खूश मी क्वचितच पाहिलं असेल. मग ते चमच्याचं पान आलं. ते तुम्ही मोठ्याने वाचलं नाही.

"हे मी म्हनलं होतं काय?"

"जाऊ द्या ना बाबा, गंमत आहे."

"लोकं हासले होते."

"हो."

"तू?"

"मी पण."

तुम्ही चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसलात. उरलेली पानं नीट जुळवून माझ्या हातात दिलीत.

महिन्याभराने आईचा फोन आला. "तुह्या बाबाले काय झालं माईत नाई. दुकानात बोलतच नाई. लोकं मले इचारते, काकाजीची तब्येत बरी नाई काय. नुसतं म्हनते, नाव काय टाकायचं." मी रविवारी आले. मुद्दाम वर्ध्याच्या बाजारातून एक वेडंवाकडं, पातळ पत्र्याचं पातेलं घेतलं आणि तुमच्यापुढे ठेवलं. अशा भांड्यावर तुम्ही एरवी अर्धा तास बोलला असता. "बाबा, कसं आहे?" तुम्ही ते उलटंपालटं करून पाहिलंत, बोटाने वाजवलंत.

"चांगलं आहे," म्हणालात. "चांगलं घेतलं तू."

परतीच्या एसटीत मी पातेलं मांडीवर घेऊन रडले. आयुष्यभर जो शब्द हवा होता तो मिळाला, आणि मला तो परत करायचा होता. पुढच्या पावसाळ्याआधी तुम्ही गेलात. त्या महिन्यांत मी दर खेपेला काहीतरी दाखवत राहिले आणि तुम्ही दर खेपेला चांगलं म्हणत राहिलात. "बाबा, मला टोमणा मारा," असं मुलीने बापाला कसं म्हणायचं, ते मला सुचलं नाही. ब्लॉगवर लोक विचारत होते, गडवा कुठे गेला. मी तो काढणंच थांबवलं होतं.

आई असेपर्यंत आणि नंतरही, मी सगळ्यांना हेच सांगत आले की ते चमच्याचं पान बाकीच्यांत चुकून आलं. बाबा, चुकून नाही आलं. आबांना वाईट वाटेल म्हणून लेकीने ते बाजूला काढून ठेवलं होतं. घरून निघायच्या आधी मी पिशवी उघडली आणि ते परत आत घातलं, मध्यावर, तुम्ही रंगात आल्यावर लागेल अशा जागी. तुम्ही माफी मागावी असं काही मनात नव्हतं. तुम्हाला एकदा लागावं, एवढंच वाटत होतं.