सवाष्ण म्हणून नेऊ नये

मी, तुकाबाई भ्रतार बाजी मरगळे, वय अदमासे बासष्ट, धंदा शेती व मेंढरे, राहणार माले, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, माझे चित्त ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र सांगते. मला लिहिता येत नाही. शाळेचे वाल्मीक मास्तर लिहून घेत आहेत. माझे बोलणे गोड करून लिहू नये, असे त्यांना बजावले आहे.

१. मी विधवा आहे. गावात हे कोणालाच ठाऊक नाही आणि माझ्या कपाळी आजही कुंकू आहे, म्हणून हे कलम पहिले.

माझे पती सन १९३४ च्या श्रावणात घरातून गेले. धरणाच्या पाण्यातून जवळच्या वाटेने कळप काढताना आमची एकतीस मेंढरे बुडाली. ते ओलेचिंब दारात उभे राहिले तेव्हा मी म्हणाले, "मेंढरं आणल्याबिगर या दारात पाऊल टाकू नका." ते तसेच माघारी वळले. मी हाक मारली नाही. गावाला सांगितले, कामाला कोकणात उतरलेत. धाकटे दीर धुळाजी चारचौघांत म्हणत, "वैनीनंच दादाला घालवला." त्यावरून मी त्यांच्याशी बोलणे टाकले. ते खरे बोलत होते.

२. मला मूल नाही. धुळाजींची मुलगी जया माझ्या अंगाखांद्यावर वाढली. तिचा नवरा श्रीवर्धनला पोस्टात आहे. सन १९६१ च्या माघात तिने मला तिकडे नेले. बंदरावरच्या जुन्या वखारीत कोळी लोकांनी मासेमारीच्या जुन्या वस्तूंचे संग्रहालय मांडले आहे. "थोरल्या आई, बघून तर येऊ," ती म्हणाली. आत वल्ही, शिडे, देवमाशाची बरगडी आणि भिंतभर फोटो होते. एका फोटोत जाळ्यांच्या ढिगावर माझे पती बसले होते. केस पांढरे, पण डावा खांदा तसाच उतरता. खाली काचेत मेंढ्याच्या शिंगाची, जाळे विणायची सुई ठेवली होती.

जया पुढे गेली होती. तिथले राखणदार नथू म्हणून म्हातारे कोळी, त्यांना मी विचारले, "ह्ये कोन?"

"धनगर बाजी. त्याच्यासारखं जाळं या बंदरात कोणी सांधलं नाही. पण पाण्याला भ्यायचा. बावीस-तेवीस वर्षं राहिला, होडीत एकदाही चढला नाही."

"घरदार?"

"एकटाच. याच वखारीत निजायचा. गाव विचारलं तर म्हणायचा, मेंढरं जमली की जाईन. तीनदा जमवली त्यानं. इथली हवा दमट, पावसाळ्यात खुरं सडून मेली. चार वर्षं झाली त्याला जाऊन. आम्हीच अग्नी दिला." मग त्यांनी विचारले, "तुमचे कोण लागतात?"

"कोन न्हाई," मी म्हणाले. "आमच्या मुलखातलं वाटलं."

जयालाही सांगितले नाही. घरी येऊन कुंकू पुसायला बसले. पुसले असते तर लोकांनी विचारले असते, आणि मग दारात मी काय बोलले तेही सांगावे लागले असते. तशीच उठले.

३. शेजारीण अंबाबाई संक्रांतीला पहिले हळदीकुंकू मला लावते. श्रीवर्धनहून आल्यावरच्या दोन संक्रांती मी ते लावून घेतले. तिची माफी मागते. माझी तांब्याची घागर तिला द्यावी. घागरीला पोचा आहे, तो अंबाबाईनेच पाडलेला आहे.

४. दीड एकर जमीन सातबाऱ्यावर अजून पतीच्या नावे आहे. त्यांच्या मरणाची नोंद श्रीवर्धनहून आणवून ती जमीन व घर जयाच्या नावे करावे. माझी छत्तीस मेंढरे धुळाजींना द्यावीत.

५. मला हिरवे लुगडे नेसवू नये, हिरवा चुडा भरू नये, मळवट भरू नये. सवाष्ण म्हणून बायका पाया पडायला येतील, पडू देऊ नये.

६. जयाने नथूंना पत्र टाकून कळवावे की बाजींचे गाव माले, आणि त्यांना बायको होती.

७. इथवरचा मजकूर ऐकवायला मी धुळाजींना बोलावले. ते खांबाला टेकून उभ्यानेच ऐकत होते. संपल्यावर त्यांनी विचारले, "दादा लई थकला व्हता का, वैनी?"

"थकलं व्हतं, भावजी. माझ्याएवढंच."

ते ओसरीवर बसले व मुंडासे काढून त्यांनी मांडीवर घेतले. मीही बसले. हेही लिहावे, असे मी मास्तरांना सांगितले.

वाचून दाखवले, बरोबर आहे, म्हणून अंगठा दिला.

निशाणी डावा अंगठा : तुकाबाई मरगळे
साक्षीदार : कोंडाजी शेडगे, कुशाबा ढेबे
लिहिणार : वाल्मीक मास्तर
मुक्काम माले, दिनांक ९ नोव्हेंबर १९६३