बिनआवाजाचं बटन

अण्णा, तुम्ही लाईनमन. हदगावच्या उन्हात खांबांवर चढून तुम्ही मला शिकवलंत आणि मी शिकलो काय, तर शब्द चालवायला. "तुझ्या रामः रामौ रामाःनं झिरोचा बल्ब तरी लागतो का रे?" असं चारचौघांत विचारायचात. लागला, अण्णा. बावन्नाव्या वर्षी लागला. ते कसं झालं ते सांगायला बसलोय.

तुमच्या सुनेला जाऊन दीड वर्ष झालं. दिवेलागणीला पुढच्या खोलीतला दिवा तीच लावायची. मी गल्लीत वळलो की खिडकी उजळलेली असायची. आता काळ्या खिडकीकडे बघत कुलूप चाचपावं लागतं. म्हणून तास शिकवून झाले तरी कॉलेजातच बसून राहायला लागलो. शिपाई कुलूप हातात घेऊन खोकला की उठायचं. लेक हैदराबादहून म्हणते, बाबा, लातूरचं घर बंद करा आणि इकडे या. तिच्याकडून महिनाभराची मुदत मागून घेतली. घर सोडवत नव्हतं आणि संध्याकाळी घरी जाववतही नव्हतं.

मग वाटलं, दिवा आपला आपण लागला तर? व्हिडिओ पाहून पाहून एक मायक्रोकंट्रोलर आणला, काडेपेटीएवढा बोर्ड. त्याला वेळ कळते, पण अंगात जोर पाच व्होल्टचा. त्यानं घरची लाईन चालू करावी म्हणून मध्ये सॉलिड स्टेट रिले लावायचा. त्या रिलेच्या पोटात एक इवलासा दिवा असतो. बोर्ड तो लावतो, पलीकडची बाजू तो उजेड बघते आणि दोनशेतीस व्होल्टला वाट देते. दोन्ही बाजूंना जोडणारी तार नाही, अण्णा, नुसता उजेड. तुम्ही बसवलेलं बटन खटकन वाजायचं, शेजाऱ्यालाही कळायचं. हे अगदी मुकं.

जोडलं, लागलं. पण बंद केल्यावर एलईडी बल्ब पुरता विझेना. अंधुक, राखेतल्या निखाऱ्यासारखा धुगधुगत राहिला. होल्डर बिघडला असेल म्हणून सकाळी स्टुलावर चढलो, हात वर केला आणि थांबलो.

एम.ए. झाल्यावरची सुट्टी, नांदेडचं स्वयंपाकघर. आई भाकरी थापतेय. मी बटन बंद करून होल्डरला हात घालतो आणि तुमचा धपाटा पाठीत बसतो. "बटन बंद म्हंजे लाईन बंद न्हाई, पंडित. फ्यूज काढ, खिशात ठिव. मंग तार तुझी." खिशात का, तर दुसऱ्या कुणी तो परत बसवू नये म्हणून. त्यापायी कंधारच्या एका दुकानदाराचा फ्यूज तुमच्याच खिशातून नांदेडला आला होता. दुकानदार रात्रभर मेणबत्तीवर, आणि आईला सकाळी शर्ट भिजवताना फ्यूज सापडला. पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडे देऊन तुम्ही तो परत धाडलात आणि घरात कुणी हसू नये म्हणून दिवसभर कपाळाला आठ्या घालून बसलात.

स्टुलावरून उतरलो. या घराचं वायरिंग तुमच्याच हातचं, चिनीमातीचे फ्यूज अजून आहेत. काढला, खिशात ठेवला. मग पुन्हा व्हिडिओ चाळले तेव्हा कळलं, रिले बंद असतानाही त्यातून जराशी वीज झिरपते आणि एलईडीला तेवढीही पुरते. उपाय तुमच्या काळचा निघाला: शेजारी जुना पिवळा बल्ब जोडायचा, झिरपलेलं तो पिऊन टाकतो. जोडला आणि घाईघाईत कॉलेजला गेलो. संध्याकाळी खिडकी काळीच. दारात उभा राहून किल्ली शोधताना खिशात फ्यूज लागला. त्या अंधारात पहिल्यांदाच हसू आलं. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून लगेच आवरतंही घेतलं.

काल फ्यूज जागेवर होता. गल्लीच्या वळणावरूनच खिडकी पिवळी दिसली, ती असताना दिसायची तशी. लेकीला फोन करून सांगितलं, इथंच राहतो, आता उजेड असतो. तिनं फार ताणलं नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? वहीतच राहील. म्हणून लेकीला जे सांगितलं नाही ते इथं लिहितो. काल किल्ली हातात होती, तरी मी आधी बेल दाबली. आणि दार उघडायला इतका वेळ का लागतोय म्हणून जरासा चिडलोसुद्धा.