बुटकीची फळी

४ फेब्रुवारी
एजंट आला. खालचं घर हिंडून पाहिलं, नळ सोडून पाहिले. "फॅमिली हवी की बॅचलर, काका?" ही खिडकीशी उभी होती. म्हणाली, "कोणीच नको." एजंट हसला. त्याला वाटलं, काकू थट्टा करतायत.
रिकामं घर खराब होतं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. दारं फुगतात, भिंतींना ओल येते. खरं असावं. आमची लेक, बुटकी, जाऊन वर्ष होईल. तेव्हापासून त्या घरात आम्ही फक्त केर काढतो.
घराचं कर्ज तीच फेडत होती, आता मी फेडतो. पेन्शनीत दोन घरं चालत नाहीत. भाड्याने द्यायचं, नाहीतर विकायचं. 'विकायचं' हा शब्द हिच्यासमोर अजून काढलेला नाही.

९ फेब्रुवारी
रंगारी येऊन गेला. "कुठला रंग?" पांढरा म्हटलं. कोणाचाच नसलेला.
स्वयंपाकघरातली फळी त्याला उंच वाटली. "राक्षसासाठी लावलीय का हो?" बुटकीसाठी. आठवीतच माझ्या डोक्याच्या वर गेली, म्हणून हिने बुटकी नाव ठेवलं. घर घेतलं तेव्हा लेक हात वर करून सुताराला म्हणाली होती, "इथे!" ही म्हणाली, "अगं, माझा हात कसा पुरायचा?"
"तू पाहुणी! तुला मी काढून देईन."

१६ फेब्रुवारी
भाडेकरू ठरले. तो चष्म्याच्या दुकानात, ती रक्त तपासतात त्या प्रयोगशाळेत. दोघंही ठेंगणी. करारात एक कलम आहे – मालकाने पूर्वसूचना दिल्याशिवाय घरात प्रवेश करू नये. हिला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं.
"मालक तुम्ही," ही म्हणाली. "माझं नाव आहे का त्यात कुठे?"
नव्हतं.

१ मार्च
आले. सामान थोडं. ही विचारते, "पाहुणे किती दिवस राहणार?" अकरा महिने, म्हटलं. "बराच मुक्काम आहे म्हणायचा."

६ मार्च
भाडेकरूबाई वर आली. "काका, ओट्यावरची फळी जरा खाली घेता येईल? उड्या मारून दमले हो!" सुतार बोलावतो म्हटलं.
ती गेल्यावर ही म्हणाली, "फळीला हात लावायचा नाही."
"मग डबे कुठे ठेवायचे त्यांनी?"
"स्टुलावर चढावं. पाय दिलेत ना देवाने?"
सुताराला फोन केला नाही.

१३ मार्च
दुपारी खालून स्टूल ओढल्याचा आवाज. दोघांपैकी कोणीतरी लवकर आलं असेल. ही भाजी आणायला गेली होती.

२० मार्च
चष्मेवाला जिन्यात भेटला. "काका, हसणार नसाल तर एक सांगतो. आमचे डबे वर जातात."
"म्हणजे?"
"सकाळी ओट्यावर ठेवून कामाला जातो. संध्याकाळी येऊन बघावं तर फळीवर! ओळीने – मोठा, मधला, लहान. बायको म्हणते, भूत आहे. मी म्हटलं, एवढं कामसू भूत आहे तर भांडीही घासायला सांग." स्वतःच हसला. मग हसू गेलं. "ती घाबरलीय हो. कुलूप जसंच्या तसं असतं. आणखी कोणाकडे किल्ली आहे का?"
बघतो, म्हटलं.
मोठा, मधला, लहान. आमच्या घरात डबे तसेच लागतात.

२१ मार्च
ही भाजी आणायला गेली. पिशवी इथेच, खिळ्याला. खाली स्टूल सरकलं. मी पेपर वाचत राहिलो. एकही ओळ कळली नाही.

२३ मार्च
आज खाली गेलो. दार नुसतं लोटलेलं. ही स्टुलावर, हातात त्यांचा साखरेचा डबा. मला पाहून दचकली नाही.
"बघा ना, किती पसारा टाकून जातात! तिला हे चालणार नाही."
चालणार नाही – भविष्यकाळ. जन्मभर वर्गात व्याकरण शिकवलं. हिच्या क्रियापदाचा काळ दुरुस्त करायला तोंड उघडलं नाही. ही उतरेपर्यंत स्टूल धरून उभा राहिलो.

२७ मार्च
चष्मेवाला आला. आज विनोद नाही. "काका, कुलूप बदलू द्या. नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. ती एकटी घरात पाऊल टाकत नाही."
खरं काय ते ओठांवर आलं होतं. गिळलं. हे गेले, तर दुसरे येईपर्यंत हप्ते कसे भरायचे? घर विकावं लागेल. मग किल्लीही नाही, फळीही नाही.
"बदला," म्हटलं.

३० मार्च
ही वर आली. धाप लागलेली. "कुलूप बिघडलंय का हो?"
"बदललंय."
"पाहुण्यांनी?"
"मी हो म्हटलं."
खुर्चीत बसली. किल्ली मुठीत. म्हणाली, "मग आता मी तिच्याकडे कशी जाऊ?"
 

३१ मार्च
बोलत नाही.

२ एप्रिल
नाही. चहा पुढे ठेवते, वळते. आमचे डबे उतरवून पुसले, पुन्हा लावले. दोनदा.

५ एप्रिल
रविवार. जिन्यात पावलं वाजली. कठड्यावरून वाकून पाहिलं. ही खालच्या दारासमोर, मागे सुतार, हत्यारांची पिशवी घेऊन. हिने बेल वाजवली. त्या दाराची बेल हिने आजवर कधी वाजवली नव्हती!
आतून आवाज – "कोण?"
 सुतार हिच्याकडे बघत राहिला.
"घरमालकीण," ही म्हणाली. "फळी खाली घ्यायचीय ना? सुतार आणलाय."