तांब्याच्या नळीतला विजय

ती. दादा,

शाळेत ‘का?’ विचारलं म्हणून ज्यांना बाकावर उभं केलं, ज्यांनी सूत्रं घोकून परीक्षा दिल्या आणि वर फेकलेला चेंडू खाली का येतो हे ज्यांना आजतागायत कुणी धड समजावलं नाही, त्या समस्त पीडितांमधले वयाने ज्येष्ठ म्हणजे तुम्ही. धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींनी लावून दिलेले व्यायाम करता का? (करत नसणार. जिना उतरताना कठड्याला शिव्या घालता असं कानावर आलंय.) इकडे सगळे खुशाल. माझा घसा तेवढा पार बसला होता, पण त्याच्याबद्दल तक्रार करणार नाही, कारण रविवारच्या विजयाचा खरा मानकरी तोच.

तुमची लेक वाचनालयाच्या मागच्या खोलीत रविवारी प्रौढांसाठी पदार्थविज्ञानाचा वर्ग घेते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिथे आकडेमोड नाही, सूत्र नाही. ती एक प्रश्न टाकते, सगळ्यांनी हात वर करून उत्तर द्यायचं, मग ज्यांचे हात कमी त्यांना बोलू द्यायचं, पुन्हा हात वर, आणि शेवटी प्रयोग. पद्धत उत्तम, लोकशाहीला शोभणारी. तिच्यात एकच दोष निघाला, तो म्हणजे मी. तीस वर्षं वकिली करून सभा गाजवलेल्या माणसाला अल्पमतात बसवलंत, तर तो काय करील?

पहिल्या प्रश्नाला, चेंडू अगदी वर पोचला त्या क्षणी त्याच्यावर बल किती, असं तिने विचारलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, त्या एका क्षणी तो मुक्त आहे, धरणीचं जोखड गळून पडलंय! टाळ्या पडल्या, सगळे हात माझ्या बाजूला आले. लेक शांतपणे म्हणाली, “काका, बलच नसेल तर तो तिथेच राहील की. खाली कशाला येईल?” पुढच्या रविवारी एकाच तारेवर एकापुढे एक जोडलेले दोन सारखे दिवे होते. पहिला दिवा वीज खाऊन टाकतो आणि शेवटच्याच्या वाट्याला उष्टं येतं, यावर मी असा काही बोललो की शिवणकामवाल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. बटण दाबलं. दोन्ही दिवे सारखेच लागले. (बाई अजून माझ्याकडे रागाने बघतात.)

याचा फायदा कुणी घेतला? वाचनालयाच्या चिटणीसाने! त्याला त्या खोलीत टेबल टेनिस हवंय. “हा वर्ग दर आठवड्याला एकमताने चुकतो,” असं त्याने तुम्हा विश्वस्तांना कळवलं आणि परवाच्या रविवारी स्वतः मागच्या बाकावर येऊन बसला. आणि नेमका त्याच आठवड्यात माझा घसा गेला. डॉक्टरांनी बोलण्यावर बंदी घातली. दादा, बोलता येईना तेव्हा काय करायचं ते सुचेना, म्हणून मी विचार केला.

प्रश्न आधीच सांगितलेला होता. तांब्याच्या उभ्या नळीत चुंबक सोडला तर तो कसा पडेल? चुंबक तांब्याला चिकटत नाही, तेव्हा खड्यासारखा सुळकन पडेल, असं सगळ्यांचं मत. घरात हिने बांगड्या काढून फडताळात एकावर एक रचल्या आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नळी म्हणजे रचलेल्या बांगड्याच! तारेच्या वेटोळ्यात चुंबक हलवला की वीज वाहते, हे आम्ही पाहिलं होतं. मग पडणारा चुंबक प्रत्येक बांगडीत वीज खेळवणार आणि त्या विजेचं चुंबकत्व त्यालाच अडवणार. मी आनंदाने ओरडलो, पण आवाज फुटला नाही. ही म्हणाली, “असंच राहू दे काही दिवस.”

रविवारी ‘सावकाश पडेल’ या बाजूला माझा एकट्याचा हात वर. वर्गातला न्हावी म्हणाला, “वकीलसाहेब, उतरवा हात, दुखेल.” बोलायची पाळी माझी होती, पण मी नुसता उभा राहिलो. लेकीने आधी खडा सोडला. टप्प! मग चुंबक सोडला. काहीच झालं नाही. न्हाव्याने नळीत डोकावून आरोळी ठोकली, “अहो, हा तर जिना उतरल्यासारखा येतोय!” चुंबक हलकेच बाहेर आला तेव्हा चिटणीसाचं तोंड उघडंच होतं. बाईंनी मला माफ केलं. अख्ख्या वर्गाविरुद्ध एक हात, आणि निसर्ग त्या हाताच्या बाजूने! एवढी मोठी सभा मी आयुष्यात जिंकली नव्हती.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा

ता.क. आनंदाच्या भरात माझा आवाज परत आला. विरोध एवढा प्रखर, तर लांब नळीत चुंबक अधांतरी थांबेलच, असं मी ठणकावून सांगितलं. सगळे हात वर झाले. लेकीने लांब नळी आणली. चुंबक आला बाहेर. “थांबला तर वीजही थांबेल काका, मग अडवणार कोण?” चिटणीसाने हे लिहून घेतलं.

ता.ता.क. बुधवारी वर्ग ठेवायचा की टेबल टेनिस, यावर विश्वस्तांची सभा आहे. मला तिथे यायला लेकीने मनाई केलीय, आणि वडिलांचा वशिला नको म्हणून ती तुमच्याकडे शब्द टाकणार नाही. पण विश्वस्तांत निर्णायक मत तुमचं आहे. सोबत आखूड नळी, चुंबक आणि खडा पाठवतोय. सभेत आधी खडा सोडा, मग चुंबक सोडा, आणि तो खाली येईपर्यंत, दादा, एक अक्षरही बोलू नका.